परगावचा शर्ट

बोरी बुद्रुकच्या कबड्डी संघाला दोन शर्ट असत, एक घरचा आणि एक परगावचा. घरचा शेंदरी, भैरवनाथाच्या रंगाचा. तो जत्रेत आपल्या मैदानावर घालायचा आणि गावाच्या शिवेबाहेर न्यायचा नाही, असा दंडक होता. खेळ म्हटला की हारजीत आलीच. परक्या मातीत तोंडावर पडायचं झालं तर पोरांनी पडावं, देवाच्या रंगानं पडू नये, असं जुनी माणसं म्हणत. म्हणून बाहेर जाताना निळा. मांजरपाटाचे शर्ट शिवायचे आणि नीळ कालवलेल्या घंगाळात बुडवून वाळत टाकायचे. पहिल्या सामन्याला तो रंग निळा असे; चौथ्या धुण्यानंतर तो कुठला रंग आहे हे बोरीकरांनाही सांगता येत नसे. आजूबाजूलाही थोड्याफार फरकानं हेच. आळ्याचे पिवळे, येडगावचे हिरवे, आणि दोन संघांचे रंग एकसारखे निघाले तर बदलायचे पाहुण्यांनी. पाहुण्यानं यजमानाच्या दारात आपला रंग मिरवू नये, ही रीत सोयरिकीत चालते तशी कबड्डीतही चालायची.

हे दोन्ही शर्ट शिवायचा रखमाजी. घराणं शेतकऱ्याचं, पण बापानं उमेदीत गिरगावात एका टेलरच्या हाताखाली पाच वर्षं काढली होती आणि गावी परतताना पायाचं मशीन घेऊन आला होता. जमीन भावांनी केली, मशीन रखमाजीच्या वाट्याला आलं. तरुणपणी तो संघात उजव्या कोपऱ्यावर उभा राहायचा. एका पकडीत गुडघा गेला आणि तो ओट्यावर येऊन बसला तो बसलाच. बोलणं कमी, हात साफ, आणि आपल्या हाताचा गर्व भरपूर. शिवणीतला एक टाका वाकडा गेला तर गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना सगळी शिवण उसवायचा. बायको झुंबरबाई म्हणायची, ह्या माणसाला स्वतःचं चुकलेलं दिसलं की जेवण जात नाही. तेव्हा ते कौतुक होतं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरूबाई बसायची. तिचा नवरा रखमाजीच्याच संघातला, त्याचा डावा कोपरा. तो साप चावून गेला तेव्हा पदरात जानकू नावाचा चार वर्षांचा पोरगा होता. दिवस झाल्यावर रखमाजीनं तिला बोलावून सुईदोरा हातात दिला आणि काजं-बटणं तुझी म्हणून सांगितलं. तेव्हापासून वीस वर्षं रखमाजीनं शिवायचं आणि सरूबाईनं काजं करायची, दुमड घालायची. ती त्याला भावजी म्हणे, तो तिला वैनी. दहा शर्टांच्या गठ्ठ्यातून रखमाजीच्या हातची शिवण ती डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून काढायची. आपलं काम ह्या बाईपासून लपत नाही, याचा रखमाजीला तेव्हा अभिमान वाटायचा.

आणखी एक रीत होती, बापानं घालून दिलेली. संघासाठी कापडाचा नवा ताका आला की कात्री आधी देवासाठी चालवायची. चार बोटं रुंद पट्टी कापायची, देवळासमोरच्या त्रिशुळाला नेऊन बांधायची, मग मापं घ्यायची. देवाच्या आधी माणसाचं माप काढलं तर देव त्या माणसाचं माप काढतो, असं बाप म्हणायचा. रखमाजीनं ते कधी खरं मानलं नाही आणि कधी मोडलंही नाही. आपल्याकडे बहुतेक गोष्टी अशाच चालतात.

सत्त्याण्णव साली या सगळ्यात भिमाजीशेठ शिरले. आळेफाट्यावर त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान. टोमॅटोनं त्या वर्षांत भागात पैसा खेळत होता, आणि ज्याच्या त्याच्या पाठीवर आपल्या दुकानाचं नाव असावं असं शेठना वाटू लागलं होतं. संघाला शर्ट देतो म्हणाले, पाठीवर दुकानाचं नाव टाका. गावकीनं शेंदरी शर्टाला हात लावू दिला नाही. देवाच्या रंगावर कीटकनाशकाची जाहिरात कशी चालेल? शेठ हुशार. ते म्हणाले, देवाचा राहू द्या देवाला, मला परगावचा द्या. परगावच्या शर्टाला कुणी वाली नव्हता, म्हणून तो विकायला निघाला.

मग एक दिवस शेठ मुंबईच्या एका व्यापाऱ्याला घेऊन थेट रखमाजीच्या ओट्यावर आले. व्यापाऱ्यानं बॅगेतून शर्टांचा गठ्ठा काढला. झुळझुळीत कापड, गोल गळा, छातीवर पट्टे, पाठीवर आकडे आधीच छापलेले. रंग मात्र राखाडी. परदेशी फुटबॉल क्लबांच्या शर्टांसारखा माल इकडे बनतो, त्यातला उरलेला, असं त्यानं सांगितलं. आणि माणूस बोलका असल्यामुळे त्या धंद्याची मेखही सांगितली. तिकडेही क्लबाला दोन शर्ट असतात. घरचा शंभर-शंभर वर्षं तोच, त्याला हात लावला तर लोक दंगा करतील. बाहेरगावचा मात्र कंपनी दरवर्षी बदलते, कधी पिवळा, कधी जांभळा, म्हणजे लोकांना दरवर्षी नवा घ्यावा लागतो. घरच्यावर भक्ती, बाहेरच्यावर धंदा. रखमाजीला मोठं नवल वाटलं. इतक्या लांबच्या लोकांचं आणि बोरीचं डोकं एकसारखं चालतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एवढा चांगला माल स्वस्त का, असं त्यानं विचारलंच. व्यापारी हसून म्हणाला, "एका मोठ्या क्लबानं हा रंग घातला होता. पोरांना एकमेकं दिसेनात हो मैदानावर. गर्दीत रंग विरून जातो म्हणाले. मॅच अर्धी असतानाच बदलला नि दिला टाकून." शेठ हसले. सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. रखमाजीही हसला. ते हसणं त्याला पुढं फार आठवायचं.

निळे शर्ट बंद झाले. बारा राखाडी शर्ट ओट्यावर येऊन पडले, आणि रखमाजीला काम उरलं ते फक्त पाठीवर दुकानाच्या नावाची पट्टी बसवण्याचं. मापं नाहीत, कापणं नाही, शर्ट ज्याला जसा बसेल तसा. त्याचा जीव आधीच कडू झाला होता. त्यात पहिल्याच दिवशी कात्री हातात घेतल्यावर लक्षात आलं, की देवाची पट्टी कशातून काढायची? ताका नाही, कतरण नाही. मुंबईहून शिवूनच आलेल्या मालाला त्याच्या बापाच्या रीतीत जागा नव्हती. दुसऱ्या कुणी बाजारातून वीतभर राखाडी कापड आणून बांधलं असतं. पण रखमाजी पडला साफ हाताचा माणूस. पट्टी त्याच कापडाची हवी म्हणजे हवी. त्यानं गठ्ठ्यातला वरचा शर्ट ओढला, खालच्या अंगानं चार बोटं पट्टी कापली, शर्टाची कड दुमडून शिवली, आणि पट्टी त्रिशुळाला बांधून आला.

येऊन बसल्यावर त्यानं तो शर्ट उलटा केला. पाठीवर सात नंबर होता.

सात नंबर सयाजीचा. सयाजी रखमाजीचा एकुलता एक, तेवीस वर्षांचा, संघाचा पहिला चढाईवाला, आणि त्याचा सात नंबर ठरलेला. पट्टी ताक्यातून निघते तेव्हा ती सगळ्यांची असते, कुणा एकाची नसते. ही पट्टी एका माणसाच्या अंगावरच्या कापडातून निघाली होती. देवानं माप काढलं तर ते कुणाचं काढलं, हे आता आकड्यानिशी छापलेलं होतं. हे असलं काही नसतं, हे त्यानं स्वतःला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा त्यानं शर्ट बदलला.

बदलायला निमित्त चांगलं सापडलं. जानकू संघात सगळ्यांत बुटका, चार बोटं तोकडा शर्ट त्याला बरोबर बसणार. सयाजी उंच, त्याला तो वर चढेल. संध्याकाळी पोरं शर्ट न्यायला आली तेव्हा रखमाजीनं सात नंबर जानकूच्या हातात दिला आणि सयाजीला चार. सयाजी कुरकुरला. रखमाजी म्हणाला, टेलर मी आहे की तू? जानकूचा आनंद पोटात मावेना. सात नंबर म्हणजे संघातला मान. त्यानं तिथंच जुना सदरा काढून तो अंगात चढवला आणि आईपुढं उभा राहिला. सरूबाईनं पोराला फिरवून बघितलं, खालची कड सवयीनं उलटून बघितली, आणि मान वर करून रखमाजीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे रखमाजीनं विचारलं नाही. उंचीचा हिशेब अगदी खरा होता. फक्त तो नंतर सुचलेला होता, आणि हे एकट्या रखमाजीला माहीत होतं.

पुढच्या माघात संघ आंबेगाव तालुक्यात खेळून परत येत होता. सामना जिंकलेला, पोरं टेम्पोत उभी राहून ओरडत होती, शर्ट अंगावरच. टेम्पो पुढं नारळ की कसला माल आणायला जाणार होता, म्हणून त्यानं पोरांना नाशिक रस्त्यावर फाट्याला उतरवलं. बोरी रस्त्याच्या पलीकडे. दिवस मावळून थोडा वेळ झालेला, उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ हवेत लटकलेली. पोरं एकेक करून रस्ता ओलांडत होती. ट्रक आला तेव्हा मध्ये जानकू होता.

ड्रायव्हर पळाला नाही. रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला आणि येईल त्याला सांगत राहिला, की माणूस दिसलाच नाही, धूळ वाटली. लोकांनी त्याला मारलं. रखमाजी तिथं पोचला तेव्हा मार देऊन झाला होता. त्यानं ते वाक्य ऐकलं आणि त्याला तो बोलका व्यापारी आठवला.

आता खरं पाहिलं तर बाराच्या बारा पोरांच्या अंगावर तोच रंग होता. ट्रक कुणालाही लागू शकला असता. सयाजीला लागू शकला असता. दोष द्यायचा तर रंगाला द्यावा, शेठला द्यावा, धुळीला द्यावा. गावातल्या बायकांनी दिलाच. राखेचा रंग पोरांच्या अंगावर घातला, दुसरं काय होणार, असं पाणवठ्यावर बोललं गेलं. शेठच्या कानावर ते गेलं. त्यांनी जानकूच्या नावानं चषक जाहीर केला, चषकावर खाली दुकानाचं नाव, आणि बोलणं बंद झालं. शर्टही बंद झाले नाहीत. नवेकोरे होते, फुकटचे होते, आणि गाव काही झालं तरी फुकटचं टाकत नाही.

रखमाजी मात्र रंगाशी अडला नव्हता. त्याचा प्रश्न एवढासाच होता, आणि तो त्यानं कुणाला विचारला नाही. शर्टात काही नव्हतं, तर मी तो बदलला का? आणि काही होतं म्हणून बदलला, तर मग तो जानकूला दिला का? या दोन्हींच्या मधून निसटायला वाट नव्हती. त्यानं वर्षभर शोधली. सरूबाई महिन्याभरानं पुन्हा ओट्यावर येऊन बसली, काजं करू लागली, आणि हा माणूस रोज तिच्यापासून सहा हातांवर मशीन चालवत राहिला. आता जेवण खरंच जाईना. झुंबरबाईला वाटलं, जुन्या सोबत्याचा पोर गेला म्हणून मनाला लागलंय.

वर्ष सरलं. माघातला पहिला बाहेरचा सामना चार दिवसांवर आला, तेव्हा एका सकाळी सरूबाई नेहमीपेक्षा लवकर आली. हातात घडी घातलेला राखाडी शर्ट. दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं दिलं होतं, त्यातला. तिनं तो नदीवर नेऊन धुतला होता आणि वर्षभर पेटीत ठेवला होता. सयाजी तिथंच चहा पीत होता. तिनं शर्ट रखमाजीसमोर मशीनवर ठेवला.

"सात नंबर रिकामा ठिवू नका, भावजी," ती म्हणाली. "आपल्या सयाजीला घाला."

रखमाजी म्हणाला, की वैनी, हा कशाला, तुमच्याजवळ राहू द्या.

"न्हाई. माज्यावर लई दिवसांचं ऋण हाय ह्ये. म्या तवाच कड उलटून बघितली व्हती. देवाची पट्टी ह्या शर्टातनं काढली तुमी. त्रिशुळावर बी बघून आले. देवाचा शर्ट, आन् सात नंबर, सोताच्या पोराचा. त्यो काढून तुमी माज्या जानकूला दिला. बिनबापाच्या पोराला असा मान कोन देतं? तीन म्हैने घालून हिंडला माजं लेकरू, छाती फुगवून." तिनं शर्टावरून हात फिरवला. "त्याचं आयुष्य तेवढंच व्हतं. आता तुमचा मान तुमाला."

सयाजीनं कप खाली ठेवला, उठून तिच्या पाया पडला आणि शर्ट उचलला. रखमाजी बघत राहिला. ज्याला तो वर्षभर आपलं पाप समजत होता, त्याला ही बाई वर्षभर उपकार समजत होती. तिथंच, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. त्यानं सयाजीला एवढंच म्हटलं, की ठेव इथं, तुला तोकडा होईल, खालून जोड देतो. टेलरला निमित्त सापडतंच.

जोड कशाची द्यायची, हे त्यानं तिच्यासमोर सांगितलं नाही. दुपारी गाव जेवून पडलेलं असताना तो देवळाकडे गेला. पट्टी होती तिथंच होती, सव्वा वर्षाच्या उन्हानं विटलेली, एका कडेला शेंदराचा डाग. देवाला वाहिलेलं परत घेतलं असं गावात आजवर कुणी केलं नव्हतं, चोरानंही नाही. रखमाजीनं गाठ सोडली. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की पट्टी परत शर्टाला लागली की शर्ट पुरा झाला, आणि शर्ट पुरा झाला की माप मोडलं. सगळा जन्म ज्यानं चुकलेली शिवण उसवून नीट केली, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं पट्टी साबणानं तीनदा धुतली, दुमड उसवली आणि जोड दिली. अशी जोड त्यानं आयुष्यात दिली नव्हती. बोटाला लागू नये इतकी बारीक. रंगाचा फरक तेवढा राहिला, पण खेळाडू शर्ट चड्डीत खोचतो. कोण बघायला बसलंय?

सामन्याच्या दिवशी तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. दुखऱ्या गुडघ्यानं दोन तास उभा होता. टेम्पो दिवस असतानाच आला. त्यानं स्वतः रस्त्याच्या मधोमध उभं राहून, दोन्ही हात पसरून, येणारी जाणारी वाहनं थांबवली आणि पोरांना पलीकडे घेतलं. ड्रायव्हर शिव्या देत होते. पोरं हसत होती, सयाजी सगळ्यांत जास्त. सामना जिंकला होता आणि त्याच्या अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. रखमाजीला घळघळून रडू आलं. पोरांना वाटलं, जानकूची आठवण झाली.

जिंकून आलेला संघ आधी देवळात जातो. बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. सयाजीला ओवाळायला सरूबाई पुढं झाली. झटापटीत त्याचा शर्ट वर निघालेला होता, खालची कड मोकळी लोंबत होती. तिनं कुंकू लावलं, ताट फिरवलं, आणि आईनं पोराचा सदरा नीट करावा तसा शर्ट खाली ओढला. पट्टी तिच्या हातात आली. वीस वर्षांची सवय. तिनं कड उलटली. अंगठा जोडावरून एकदा गेला, शेंदराच्या डागाशी थांबला. मग तिनं मान वळवून त्रिशुळाकडे बघितलं. तिथं काही नव्हतं.

मग तिनं रखमाजीकडे बघितलं. फार वेळ नाही. तिला काय कळलं ते रखमाजीला कळलं. मान असता तर पट्टी परत जोडायची गरज पडली नसती. ज्याची भीती वाटते तेच माणूस असं चोरून मोडतं. आणि ही भीती आजची नव्हती. सरूबाईनं ताट पुन्हा उचललं, राहिलेलं ओवाळणं पुरं केलं, सयाजीच्या तोंडात साखर घातली आणि घरी निघून गेली.

दोन दिवस ती ओट्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशी रखमाजी तिच्या दारात गेला. ती सुपात बाजरी पाखडत होती. बस म्हणाली नाही. तो उभ्यानंच बोलला. "वैनी, वरचा शर्ट सयाजीचा निघाला. मला भ्याव वाटलं. म्या बदलला."

"उंचीचं म्हनाला व्हता तुमी."

"त्ये मागनं सुचलं."

सूप थांबलं. बाहेर कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. ती आवाज न चढवता बोलली.

"मला ठावं झालंच व्हतं की. मंग ह्ये सांगाया कशाला आला? माज्याजवळ माज्या पोराचं काय उरलं व्हतं भावजी? गावानं त्याला येकदा मान दिला, येवढंच. त्यावर म्या वरीस काढलं. त्ये बी आज तुमी घिऊन गेला."

त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. तिनं पाय मागं घेतले आणि सूप पुन्हा हातात घेतलं. रखमाजी परत आला. त्यानं घरी झुंबरबाईला सगळं सांगितलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवून हे पुन्हा कुणापुढं बोलायचं नाही म्हणून शपथ घातली.

त्याला वाटलं होतं, आता गावभर होईल. लोक दारावर थुंकतील, पोरं शर्ट शिवायला यायची नाहीत, देवळात उभं करतील. त्याची तयारी होती. खरं तर तो वाटच बघत होता. तसं काही झालं नाही. आठवड्यानं सरूबाई सुईदोरा घेऊन ओट्यावर आली आणि आपल्या जागेवर बसली. पोट होतं, आणि काजं दुसरीकडे कुठं मिळणार होती? ती त्याला भावजी म्हणायची थांबली, एवढंच. कामापुरतं बोले, तेही नाव न घेता.

चषक दरवर्षी होत राहिला. शेठनी दोन वर्षांत रंग बदलला, पुढं पोपटी, मग नारिंगी, मग कुठल्याशा परदेशी क्लबाचा काळा-पांढरा. मुंबईचा व्यापारी म्हणाला तसं अगदी. रेडिमेड शर्टांचे गठ्ठे फाट्यावरच उतरू लागले आणि रखमाजीकडे शाळेचे गणवेश आणि म्हाताऱ्यांच्या बंड्या उरल्या. शेंदरी शर्ट मात्र त्याचाच. जत्रेआधी ताका येई, तो पट्टी कापे, पण बांधायला आता सयाजी जाई. रखमाजी पुन्हा त्या त्रिशुळासमोर गेला नाही.

आणि दरवर्षी चषकाच्या सुमारास ओट्यावर कुणीतरी नवी सून, कुणी परगावची पाहुणी बसलेली असे आणि विचारी, की हा जानकू कोण होता? सरूबाई काजावरची नजर न काढता सांगायची.

"माजा ल्योक. सात नंबर व्हता त्याचा. देवाची पट्टी काढलेला शर्ट. ह्येंनी सोताच्या पोराला न देता माज्या जानकूला दिला. लई मान व्हता त्याला गावात."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रखमाजीला वाटलं, हिनं आपल्याला माफ केलं. त्यानं डोळे भरून तिच्याकडे पाहिलं. तिची सुई चालू होती. मग त्याला कळलं, की ती त्याच्यासाठी बोलतच नव्हती. पोराला मिळालेला मान खोटा होता हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तो खोटा होऊ न देण्यासाठी तिला दरवर्षी रखमाजीला चांगला म्हणावं लागत होतं.

तो दोन हजार आठ साली गेला. तोवर दर माघात हे ऐकत राहिला. पाहुणी कौतुकानं त्याच्याकडे वळून म्हणायची, की देवमाणूस आहात तुम्ही. रखमाजी मान खाली घालायचा आणि कापड नसलं तरी मशीन चालवायचा.